निकानोर आजोबांचा पोंचो

कुस्को, १२ ऑगस्ट

प्रिय आई,

तुझ्या सातुर्निनाचा नमस्कार. मी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं हे पत्र मास्तर तुला आपल्या केचुआत सांगतील, त्यांनाही नमस्कार.

मी बरी आहे. जेवण पोटभर मिळतं. पाठ दुखते, पण ती इथं इस्पितळात नर्सचं काम शिकणाऱ्या सगळ्याच मुलींची दुखते. तू दिलेले सुके बटाटे पुरवून पुरवून खाते. तुझा खोकला कसा आहे?

वॉर्डात फक्त स्पॅनिश बोलायचं, असा मोठ्या सिस्टरांचा नियम आहे. केचुआ बोललेली मुलगी आठवडाभर धुणीघरात जाते. मंगळवारी आपल्या डोंगरातले एक म्हातारे, निकानोर, मला केचुआत म्हणाले, "पोरी, थंडी वाजते गं. माझा लोकरीचा पोंचो आण, अंगावर घ्यायला." सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "आजोबा, मला तुमची भाषा येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "गाल तर आपल्याकडच्या गारठ्यानं फुटलेत तुझे," म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सिस्टर जेवायला गेल्यावर मी पोंचो घेऊन धावले, तोवर ते गेले होते. मी तो त्यांच्या अंगावर घातला. मग मी केचुआत पुष्कळ बोलले, पण ऐकायला कोण होतं?

मास्तर, पुढचं तिला नीट सांगा. आई, खोकला अंगावर काढू नकोस, इकडे ये. वॉर्डाच्या दारातूनच मला आपल्या भाषेत हाक मार, मोठ्यानं. शेजारी कुणीही उभं असो, मी ओ देईन.

तुझी लेक,
सातुर्निना