ताईचं आणि माझं

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर

चि. हर्षला,

परवा फोनवर तू तुझ्या संशोधनासाठी माझं रक्त मागितलंस. मी म्हटलं, "माझं काय कामाचं? मी तर मावशी." मग तू समजावलंस, की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात पेप्टाइड नावाची इवलीशी प्रथिनं बनतात, ती शरीराला शुगर नीट वापरायला मदत करतात, आणि ती बनवायची कृती फक्त आईकडून मिळते. "आजीची तीच तुम्हा दोघी बहिणींना मिळाली. म्हणजे आईची होती तीच तुझ्यात आहे, आणि माझ्यातही."

ताई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझ्यासाठीच घरच्यांनी तुझ्या पप्पांशी माझं लग्न लावलं. तू बोलायला लागलीस आणि मला "आई" म्हणालीस, तेव्हा मी ताईच्या फोटोकडे बोट दाखवलं. "ती आई. मी मावशी." दरवेळी टोकलं, तेव्हा कुठे तुझी सवय मोडली. ताईच्या वाट्याचं मी कसं घेणार होते?

आता कळतंय, ते माझ्याकडेही होतंच.

रक्त देईन. हे पत्र मात्र कपाटातच राहील. एवढ्या मोठ्या पोरीला "आता म्हण" असं कसं सांगू? पण कधी चुकून म्हणालीस, तर टोकणार नाही.

तुझी
मावशी