आईचे डोळे दोन, माझ्या सह्या तीन

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच). तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण पुढचं वाचायला ती लागेल.

आधी तक्रार नोंदवतो. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू क्रिप्टोची टोकनं पाठवलीस. ती फोनात दिसतात, पण हलत नाहीत. हलवायला नेटवर्कची फी लागते, आणि ती फी या टोकनांत चालत नाही, वेगळंच नाणं लागतं. खिशात मोठी नोट असून सार्वजनिक मुतारीबाहेर सुट्ट्यांसाठी ताटकळावं, तशी माझी गत.

शेवटी कोपऱ्यावरचा मोबाइलवाला धावून आला (टोकनांची रोख रक्कमही तोच करून देतो). म्हणाला, "काका, फी माझं मशीन भरेल. तुम्ही घरी जाऊन फोनवर नुसती सही करा, म्हणजे 'मंजूर' दाबा, मशीन ती पुढे पोचवेल." 'नुसती सही करा' ऐकलं की मी आधी पेनाचं टोपण लावून टाकतो. तरी एका डोळ्याच्या रकमेवर केली. काही हललं नाही (थोडा वेळ लागतो, हे मला कोण सांगणार?). घाबरून पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. आणि मग डोक्यात प्रकाश पडला: आईला डोळे दोन, सह्या तीन! सगळं गेलं. बायको म्हणाली, "लग्नाच्या रजिस्टरवर एकदाच केलीत, तीसुद्धा थरथरत."

चपला उलटसुलट घालून दुकानात पळालो. त्याने शांतपणे दाखवलं: प्रत्येक सहीला अनुक्रमांक असतो. पहिली पोचायच्या आतच बाकीच्या केल्यामुळे माझ्या तिन्हींवर एकच क्रमांक होता. एका क्रमांकावर एकच सही चालते, म्हणून पहिली चालली, उरलेल्या दोन नेटवर्कने फेटाळल्या. दुसऱ्या डोळ्याचे पैसे जागेवर आहेत. मी त्याच्याच बाटलीतलं पाणी न विचारता प्यायलो.

तर सगळं सुरळीत आहे. काळजी नसावी.

तुझा धाकटा (आणि अजून घाबरट) भाऊ

ता. क. काळजी असावी. सोमवारी आईचं ऑपरेशन. इस्पितळातली बाई म्हणाली, "काही नाही, इथे नुसती सही करायची." काय काय होऊ शकतं ते खाली बारीक अक्षरात लिहिलंय. मी वाचलं. ताई, ही सही फेटाळणारं कुणी नाही. रविवारीच ये. थोरली तू आहेस, तूच कर.

ता. ता. क. फेटाळलेल्या सह्यांचीही फी मोबाइलवाल्याच्या खिशातून जाते, असं नंतर कळलं. त्याने चकार शब्द काढला नव्हता. आज फोनला नवी काच लावून घेतली. काचेच्या पैशांत त्या दोन सह्यांच्या फीचे मिसळून दिले, मोजू नकोस म्हटलं आणि निघालो.