दिवेवाल्या बाईची लेक

आई, चौथीत पाटी ठेवली ती ठेवलीच, त्यामुळे हे वेडंवाकडं चालवून घे. इथे अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात मी एका काकूंना सांभाळते. त्यांच्या नाकाला दिवसभर ऑक्सिजनची नळी. त्यांच्या मुलानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, घरात काडी ओढायची नाही. देवापुढे बॅटरीचा दिवा आहे." काकू त्याला खेळणं म्हणतात. रोज संध्याकाळी तेच, "देवाला फसवतोय गं आपण." परवा मी वैतागले. पोळ्या व्हायच्या होत्या. माझ्या बॅगेतली काडेपेटी त्यांच्या हातात दिली नि म्हटलं, "लावा एकदाचा, पण नळी काढून." त्यांनी कुठली काढायला. वळून बघते तर देवातल्या जुन्या निरांजनाची वात पेटलेली, काकू नमस्काराला वाकलेल्या आणि नळी ज्योतीपासून वीतभर. मी फुंकर मारली. लहानपणी अशीच मारली म्हणून तू कानाखाली दिली होतीस.

तेवढ्यात मुलगा आला. त्याला वास आला. "आई, इनफ. काडेपेटी कुठून आणलीस?" काकू नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पोळी उलटली. शनिवारी तो त्यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवणार आहे.

तू सरकारी दवाखान्यात आया. लाइट गेली की घरचा कंदील घेऊन खाटाखाटांशी जायचीस. लढाईत जखमी शिपायांना रात्री दिवा घेऊन बघत फिरणारी कोणी गोरी नर्स होती म्हणे, तिच्यावरून डॉक्टर तुला लेडी विथ द लँप म्हणाले. वॉर्डानं त्याचं दिवेवाली बाई केलं. मला रागच यायचा. कंदील एकच, तो तू नेलास की मी अंधारात. मग एकदा तू रॉकेल भरायला विसरलीस, कंदील विझला आणि एक म्हातारी पडली. कुणी पाहिलं नव्हतं. तू आपण होऊन सिस्टरांना सांगितलंस, वॉर्ड गेला, कपडे धुण्यावर टाकलं तुला. मी म्हटलं, "तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?" तू बादली उचलत म्हणालीस, "मग तिच्यावर आलं असतं. म्हणाले असते, म्हातारी उठलीच कशाला."

मला तू बावळट वाटलीस तेव्हा.

गॅरेजचं दार वाजतंय, मुलगा आला. हा कागद पिठाच्या डब्यामागे जाईल. माझी काडेपेटी टेबलावर त्याच्या ताटाशी ठेवलीय. दोनदा ठेवून दोनदा उचलली होती, तेवढं तुला सांगते.