हौदातला नारळ

१६ ऑगस्ट २००८, शनिवार
सिंगापुरात येऊन जेमतेम दहा दिवस, आणि आज चक्क दिवसभर बोटीतून फेरफटका! विक्रांतच्या ऑफिसातल्या निशिकांतरावांनी लांबट, चिंचोळी बोट ठरवली होती. खरी मजा लॉकची. म्हणजे कालव्यातला दोन दारांचा उंच हौद. बोट आत शिरली की मागचं दार बंद, मग पाणी भरतं, बोट वर चढते. आतलं-बाहेरचं पाणी समान झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, असं बोटवाल्या मलय अंकलनी सांगितलं. आमची छोटी इरा टाळ्या पिटत होती.

आज नारळी पौर्णिमा. माहेरी रेवदंड्याला हा दिवस कधी चुकला नाही, म्हणून मी हौदातच नारळ सोडला. झालं! पाण्यात कचरा टाकला म्हणून दंड होईल, या धास्तीने विक्रांतने आकड्याच्या काठीने तो काढून घेतला. दिलेलं परत घेऊ नये म्हणून मी जीव तोडून सांगितलं, पण ऐकेल तर तो नवरा कसला! अंकलनी मात्र आमच्याकडे पाठ फिरवली. घरी त्याचाच नारळीभात केला. इराने तीनदा मागून घेतला.

१८ ऑगस्ट, सोमवार
तोआ पायोहचा आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, आणि चारही भिंतींना घोट्याइतकी ओल! पट्टीने आखल्यासारखी सरळ. प्लंबर येऊन नो लीक लाह म्हणून गेला. पाइप कोरडे ठणठणीत. ओलीला शेवाळाचा वास येतो, त्या हौदातल्यासारखाच.

२० ऑगस्ट
ओल गुडघ्यापर्यंत. इरा खोकते तेव्हा तोंडातून पाणी येतं. गढूळ, हिरवट. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. मला भयंकर भीती वाटतेय.

२१ ऑगस्ट
नवा नारळ घेऊन कालव्यावर गेले. तीनदा सोडला, तीनदा पायाशी परत आला. अंकल भेटले. नजर न मिळवता म्हणाले, पाण्याला आपला तोच हवा असतो.
पण तो तर इराने—

२२ ऑगस्ट, दुपार
ओल इराच्या डोक्याच्या वर. विक्रांत ऑफिसात. फोन बंद पडलाय. कडी काढली तरी दार उघडत नाही. जमिनीवर पाणी— खरंच पाणी—

इराला ओट्यावर उभं केलंय. खोकला थांबला. टाळ्या पिटतेय. म्हणते, आई, घाबरू नकोस, पाणी समान झालं की दार उघडेल.

कंबरेपर्यंत. तिला घट्ट धरलंय.
मी नारळ दिला होता. इरा नाही. इरा मी कधीच दि—