एक टेस्टिंग बाकी

५ जानेवारी, रविवार
नवीन वही. ठराव: रोज लिहायचं, शुद्ध लिहायचं, स्वतःशी खोटं बोलायचं नाही. माझी शाळा दहावीत सुटली, पण शुद्धलेखन मी सुटू दिलं नाही.

आज मामांनी दुकानात गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला. कारण क्षुल्लक. एका बाईंचा टोस्टर दुरुस्त होऊन फळीवर आहे. त्या न्यायला आल्या. मी म्हटलं, झालाय, फक्त एक टेस्टिंग बाकी आहे. बाई म्हणाल्या, मागच्या महिन्यातही हेच ऐकून गेले होते. मामा म्हणाले, बाई, उचला तुमचा टोस्टर आणि पळा. याचं टेस्टिंग संपेल तेव्हा मी वर गेलेलो असेन, आणि तिथेही हा मागून येऊन सांगेल, मामा, जरा थांबा.

माझ्याएवढं बारीक काम या रस्त्यावर कोणी करत नाही. फळी भरलेली दिसते ती दर्जामुळे. पण मामांचे गुडघे दुखतात आणि राग माझ्यावर निघतो. त्यांची अट: एप्रिलपासून दुकान मी बघायचं, चावी माझ्याकडे. मात्र तोवर फळी रिकामी दिसली पाहिजे. नाहीतर जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने. शिवाय त्यांच्या डॉक्टरांनी एका समुपदेशन केंद्राचा पत्ता दिलाय. उद्या मी तिथे जायचं.

लगेच हो म्हटलं. मामांच्या स्वभावाबद्दल तज्ज्ञाशी बोलायला हवंच होतं.

६ जानेवारी, सोमवार
केंद्र दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. पाटीवर 'अल्पमुदतीचे मनोगतिक समुपदेशन'. मनोगतिक म्हणजे मनाच्या आतल्या हालचालींचं असावं. एकही चूक नाही. विश्वास बसला.

मॅडम मध्यमवयीन, आवाज हळू. आधी त्यांनी समजावून सांगितलं. हे बारा बैठकांचं काम. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठरते, एकतीस मार्च, आणि ती हलत नाही. हे सगळ्यांना सोसतंच असं नाही. ज्याच्या पायाखालची जमीनच सरकली आहे, त्याला लांबची सोबत लागते. ज्याची एक अडचण नेमकी बोट ठेवून दाखवता येते, ज्याचं आयुष्यात निदान एका माणसाशी घट्ट नातं आहे, ज्याला स्वतःकडे बघायची उत्सुकता आहे आणि ठरलेल्या दिवशी निरोप घेणं जो निभावू शकतो, त्याला हे सोसतं.

मी मनातल्या मनात टिक करत गेलो. सगळ्यात बसतो.

नेमकी अडचण कोणती, विचारलं. म्हटलं, मामांचा स्वभाव. मॅडम म्हणाल्या, मामा तर आलेले नाहीत. म्हटलं, म्हणूनच त्यांच्या वतीने मी. घट्ट नातं कोणाशी? म्हटलं, ताईशी. तिनेच मला वाढवलं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. दर रविवारी फोन असतो. काय बोलता, विचारलं. म्हटलं, मिक्सर. तिचा मिक्सर माझ्याकडे आहे, थोडं काम बाकी आहे. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मुद्दा सुटला की माणसं अशी लिहीत बसतात.

शेवटी म्हणाल्या, तुम्हाला हे सोसेल असं वाटतं. मामांना येऊन सांगितलं, माझी निवड झाली. मामा म्हणाले, तिथे नापास कोणाला करतात तेही विचारून यायचं होतंस.

१३ जानेवारी, सोमवार
पहिली बैठक. मामांबद्दल क्रमवार सांगितलं. मॅडमनी विचारलं, गिऱ्हाईक आपली वस्तू घेऊन जातं तेव्हा तुम्हाला काय वाटतं? म्हटलं, गिऱ्हाईक खूश होतं. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाचं नाही विचारलं. तेवढ्यात वेळ संपली. नशीब.

खिडकीतला टेबल फॅन दर फेऱ्याला टक् करतो. दांड्याचं बुश झिजलंय. म्हटलं, घेऊन जातो, पुढच्या सोमवारी आणून देतो. मॅडम म्हणाल्या, फॅन राहू दे. तो तसाच सोडून जाताना कसं वाटतंय ते सांगा. फॅनबद्दल कसं वाटणार? बिनदुरुस्त वाटतं.

२६ जानेवारी, रविवार
ठराव: या आठवड्यात तीन वस्तू द्यायच्या.

ताईचा फोन. मिक्सर झाला का? म्हटलं, दुसऱ्या स्पीडला बारीक आवाज आहे, बहुतेक कार्बन ब्रश, किंवा कपलर, आणि मग दोन्हींतला फरक नीट समजावून सांगितला. पाऊण तास. मिक्सरशिवाय तिचे किती हाल होत असतील! म्हणूनच घाई करत नाही. द्यायचा तो एकदाच, आणि नीट.

२ फेब्रुवारी, रविवार
तीनपैकी एक दिली. इस्त्री. मग आठवलं, मागचा स्क्रू अर्धा आटा सैल असू शकतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन परत आणली. स्क्रू घट्टच होता. पण खात्री झाली. इस्त्री फळीवर आहे.

मामा म्हणाले, आजवर दुरुस्तीला आलेली वस्तू पळवून नेणारे चोर ऐकले होते. दिलेली वस्तू पळवून आणणारा तू पहिला.

३ फेब्रुवारी, सोमवार
इस्त्रीचा किस्सा मॅडमना दर्जाचं उदाहरण म्हणून सांगितला. त्या म्हणाल्या, तुम्ही वस्तू अडवून धरता की माणसाला?

गिऱ्हाइकं अशीच असतात. येतानाच निदान घेऊन येतात. म्हणतात, मोटर जळली. उघडून बघावं तर वायर सुटलेली. हे मी मॅडमना स्पष्ट सांगितलं: ज्याचा बिघाड आहे त्याने निदान करू नये. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी सोल्डरिंग करताना बोट भाजलं. संबंध नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बाहेरच्या खोलीत दर सोमवारी चहाचा थर्मास घेऊन बसलेले एक काका भेटतात. त्यांना बारा बैठकांचं सोसणार नाही म्हणून शेजारच्या डॉक्टरांकडे लांब मुदतीचं चालू आहे. मला वाईट वाटलं. धीर दिला, म्हटलं, सगळ्यांचीच निवड होत नाही. काका चहा ओतत म्हणाले, मला बरंय रे बाबा, तारीखबिरीख नाही. दर सोमवारी यायचं. चौथं वर्ष आहे.

चौथं वर्ष!

आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या, आज आपण अर्ध्यावर आलो. छातीत काहीतरी झालं. बहुतेक जिना.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सरळ विचारलं, तारीख वाढवता येईल का? वाढत नाही. मग नवीन अडचणी मांडल्या: झोप उशिरा लागते, डाव्या कानात शिट्टी वाजते, उंचावर पाय थरथरतात. मॅडम म्हणाल्या, या सुमाराला पुष्कळ जणांना नव्या अडचणी सुचतात. म्हटलं, त्यांच्या सुचलेल्या असतील. माझ्या अस्सल आहेत. मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. हसताना बऱ्या दिसतात. हे वैद्यकीय निरीक्षण.

ठराव: मी अल्पमुदतीला लायक नाही, हे सिद्ध करायचं.

१० मार्च, सोमवार
लायक नसल्याचे पुरावे आज सादर केले. एक, माझी अडचण एक नाही, अनेक आहेत. दोन, मला स्वतःबद्दल काडीची उत्सुकता नाही. तीन, निरोप मला मुळीच झेपत नाही; लहानपणी पाहुणे निघाले की मी त्यांची चप्पल लपवून ठेवायचो.

तिसरा मुद्दा ऐन वेळी सुचला. तो सांगायचा नव्हता.

मॅडम पुढे झुकल्या. म्हणाल्या, संपणं जड जातं हे ज्याला कळतं आणि जो ते इथे येऊन सांगू शकतो, त्याच्यासाठीच तर हे आहे. म्हणजे लायक. पुन्हा लायक! या केंद्रात प्रामाणिक माणसाला नापास व्हायचीही सोय नाही.

१६ मार्च, रविवार
फळी जवळजवळ रिकामी! समुपदेशनाचा परिणाम उघड दिसतोय. मामांना तसं म्हटलं. मामा म्हणाले, हो तर, फार परिणाम. दर सोमवारी तू तिकडे गेलास की मी इकडे फोन करून एकेकाला बोलावून वस्तू हातात देतो.

हा विश्वासघात आहे. तीन वस्तूंचं टेस्टिंग झालंच नव्हतं. कोणाचीही तक्रार आलेली नाही, पण तो योगायोग.

मिक्सरला मात्र मामांनी हात लावलेला नाही. विचारलं तर म्हणाले, तो माझ्या हाताने जायचा नाही.

ताईचा फोन. म्हणाली, मिक्सर राहू दे, तू तरी ये. म्हटलं, रिकाम्या हाताने येऊ? त्यावर तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

२४ मार्च, सोमवार
जायला उशीर केला, म्हणजे बैठक पूर्ण होणार नाही आणि उरलेला वेळ एप्रिलमध्ये मागता येईल. मॅडमनी नेहमीच्याच वेळी संपवली. फॅन टक् टक् करतोच आहे. एकतीसला तो न्यायचाच. परत द्यायला यावं लागेल, त्याला इलाज नाही.

स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरून ठेवला.

३१ मार्च, सोमवार
शेवटची. आत गेलो. फॅन चालू. टक् नाही.

वाटलं, कान गेले. जवळ जाऊन ऐकलं. बुश बदललंय. मॅडम म्हणाल्या, शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात टाकला होता. तासाभरात दिला त्याने.

तासाभरात! मी इतके सोमवार मागत होतो. आवाज चढला माझा. म्हटलं, जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं? पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही कोणी!

मॅडमनी हळूच विचारलं, पाच मिनिटं कोण थांबलं नव्हतं?

मग ते बाहेर पडलं. ताई सासरी निघाली त्या दिवशी मिक्सर तिच्यासोबत द्यायचा होता. माझ्या कमाईतला. मी दुकानात शेवटचं टेस्टिंग करत होतो. निरोप पाठवला होता, पाच मिनिटं थांबवा. पोचलो तोवर गाडी निघून गेली होती. मी मिक्सर हातात घेऊन दारात उभा. जार सुटा, झाकण सुटं.

मॅडम म्हणाल्या, टेस्टिंग खरंच बाकी होतं का तेव्हा?

नव्हतं. आदल्या दिवशीच झालं होतं.

डोळ्यात फॅनची धूळ गेली. फॅनचं तोंड भिंतीकडे होतं, पण धूळ कुठूनही येते.

दारापर्यंत मॅडम स्वतः आल्या. मी म्हटलं, येतो. मग सुधारलं: जातो. त्या म्हणाल्या, नीट जा. बाहेर थर्मासवाल्या काकांनी चहा दिला. तो गार होता. संपवला.

१ एप्रिल, मंगळवार
मामांनी चावी दिली. म्हणाले, फळीवर एकच नग उरलाय, तेवढा माफ. चावी खिशात ठेवल्यावर सारखी चाचपावी लागते. दर्जासाठी.

६ एप्रिल, रविवार
बस. तीन तास मिक्सर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, लेकराला खाली ठेवा की. ठेवला नाही.

ताईने दार उघडलं, मला पाहिलं, मिक्सरला पाहिलं आणि दारातच हसत सुटली. मग रडली. मग पुन्हा हसली. भाऊजी आतून ओरडले, कोण आलंय, सांगशील का?

स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर मिक्सर. दुसरा. नवाही नाही, जुना झालेला, जारचं झाकण तडकलेलं. म्हणजे लग्नानंतर लगेचच घेतलेला असणार.

विचारलं, मग तू दर रविवारी मला का विचारत होतीस?

ताई म्हणाली, अरे वेड्या, फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे कधी बोललास का? कसा आहेस विचारलं की बरं. जेवलास का विचारलं की हं. मिक्सरचं विचारलं की पाऊण तास बोलतोस. मला काय कार्बन ब्रशशी लग्न करायचं होतं?

मी हं म्हटलं. ती म्हणाली, बघ.

मग चहासाठी आलं वाटायला तिने तिचा मिक्सर लावला. दुसऱ्या स्पीडला आवाज. माझी खात्री आहे, कपलर गेलंय. ती म्हणाली, घेऊन जा मग, तुझा ठेवते मी. नको नको म्हणत होतो. भाऊजींनी दोरीने बांधूनसुद्धा दिला.

परतताना मांडीवर तोच भार. कंडक्टरही तोच. 

१३ एप्रिल, रविवार
आठवडाभर दुकान एकट्याने सांभाळलं. आलेली वस्तू दुरुस्त केली की त्याच दिवशी दिली. पुन्हा एकदा तपासावीशी वाटली, पण दिली. फक्त एका हीटरमागे रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि स्वतःच परत फिरलो. मॅडमना हे कळवायला हवं होतं. कळवणार नाही. संपलं ते संपलं. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बुश कोणत्या कंपनीचं टाकलं ते विचारून आलो. ती व्यवसायाची बाब.

संध्याकाळी ताईचा फोन. मिक्सर झाला का?

फळीवर तो एकटाच आहे. कपलर मंगळवारीच बदललं. लोण्यासारखा चालतो. ठराव आठवला: स्वतःशी खोटं बोलायचं नाही. ताईशी बोलण्याबद्दल ठरावात काही नव्हतं.

म्हटलं, झालाय, फक्त एक टेस्टिंग बाकी आहे.

ताई म्हणाली, बरं बाबा, सांग. थांब, खुर्ची घेते.

पाऊण तासाने फोन ठेवला. मामा स्टुलावर बसून सगळं ऐकत होते.  गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्यापुढे हात पसरला आणि चावी परत मागितली. एका आठवड्यापुरती.

म्हणाले, झालायस तू. फक्त एक टेस्टिंग बाकी आहे.