पूरा खाली करो

पिपलानी, भोपाळ
७ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

आणि हे बघ, फोन तू ठेवलास, मी नाही. म्हणून कागदावर लिहितोय. माझं म्हणणं तेच आहे. तू माझी ताई आहेस की नुसती समीरची आई, ते एकदा ठरव.

सहा वर्षं या गॅरेजात राबतोय मी. सातवीत शाळा सोडली, पण डोळे मिटून नट हातात घेतला तरी कितीचा पाना लागेल ते सांगतो. तुझा लेक आयटीआयचा कागद घेऊन नोव्हेंबरात आला. माझ्याच खोलीत राहतो, दिवसभर मामा मामा करतो, आणि तीन महिन्यांत उस्तादने त्याला कोणती गाडी दिली? लाल स्पोर्ट्स कार! दोन सीटची, इंजिन पाठीमागे, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. का, तर तिच्या पुस्तकातलं इंग्रजी त्याला वाचता येतं. मी शेजारी एका खटारा व्हॅनचे ब्रेक साफ करत बसलेलो. एप्रिलमध्ये असल्या गाड्यांचं काम शिकायला एकालाच पुण्याला पाठवणार आहेत. कोण जाणार, ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?

तर आता तुझ्या हुशार पोराचं ऐक. काल त्या गाडीचं कूलंट बदलायचं होतं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते गुलाबी पाणी. गाडी लिफ्टवर डोक्याच्या वर चढवलेली, तिच्या पोटाखाली पाणी धरायला उंच स्टँडवर टब. बूच उघडलं, पाणी पडायला लागलं. उस्ताद लांबून ओरडले, को खां, पूरा खाली करो. म्हणजे अरे भाई, सगळं काढून रिकामं कर. याचा हात बटणाकडे जाताना मी पाहिला. दाबलं आणि गाडीच खाली आणली! टबाचा स्टँड पोटात घुसला, तळाचं कव्हर फाटलं. सगळं गॅरेज पोट धरून हसलं. उस्तादने सांगितलंय, महिना भरला की गावाला जा.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या पोराइतका नाही तर नाही, उरेल तेवढा लोभ इकडे असू दे.

तुझा, अजून असेन तर,
हर्षल


वरुड
१३ फेब्रुवारी २०२४

चि. हर्षलला अ. आ.

फोन ठेवला कारण तुझे भाऊजी जेवत होते आणि तुझा आवाज त्यांच्या ताटापर्यंत येत होता. इकडे सगळं ठीक. यंदा संत्री बारीक आहेत, पण गोड. येणारं कोणी भेटलं की पेटी पाठवते. दोघांनी खा, मोजत बसू नका.

समीरचा फोन आला होता. चूक माझी, एवढंच म्हणाला. मामा काय म्हणतो विचारलं तर बाबांना फोन दे म्हणाला.

आता मी विचारते. तुझ्या पहिल्या वर्षी उस्तादने तुला टाकी खाली कर सांगितलं, तर तू भरलेली टाकी दोन हातांनी उचलून जमिनीवर ठेवली होतीस. आम्ही महिनाभर हसलो, विसरलास? हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे तुला त्या दिवशी समजलं. मग तीन महिन्यांत माझ्या लेकाला हा एक शब्द सांगावासा वाटला नाही? आणि तूच लिहिलं आहेस, त्याचा हात जाताना पाहिलास. तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि समीर दोन महिन्यांचा. तो मांडीवर असला की तू बाजूला बसून हुंदके द्यायचास. मग मी त्याला खाली गोधडीवर ठेवायचे आणि तुला घ्यायचे. तो रडून रडून झोपायचा. हे आजवर त्याला सांगितलेलं नाही. तू विचारलंस मी कोणाची कोण, म्हणून तुला सांगितलं.

जेवण वेळेवर कर. रागात असले तरी आशीर्वाद पुरेपूर आहेत.

ताई


पिपलानी, भोपाळ
२६ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ओरडायला आवाज आला होता ताई. इथे, गळ्यापर्यंत. मी तो गिळला. मला वाटलं, होऊ दे एकदा याचीही फजिती. तीन-चार सेकंद असतील.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उस्तादला जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी इथला तो मिठाचा चहा मागवला, मला अर्धा दिला, आणि म्हणाले की समीर राहील, कव्हरचे पैसे तुम्हा दोघांच्या पगारातून निम्मे निम्मे कापीन, आणि पुण्याला तू जाणार नाहीस. समीरलाही मीच सांगितलं. दोन दिवस डबा वेगळा आणला. तिसऱ्या दिवशी बारा नंबरचा पाना कुठे ठेवला म्हणून माझ्यावरच खेकसला, तेव्हा बरं वाटलं.

काल कव्हर बसवून दोघांनी मिळून नवं कूलंट भरलं. या गाडीचा रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधल्या लांब पाइपात हवा अडकून बसते. मी हळूहळू ओतलं, हीटर पूर्ण लावून इंजिन चालू ठेवलं, बुडबुडे थांबले. झालं म्हणालो. तर हा मागच्या पाइपाजवळ हात नेऊन म्हणतो, मामा, हा अजून थंड आहे, आत हवा आहे, तुमचा हात म्हातारा झाला. मी तपासलं. बरोबर होतं. अंगाची आग आग झाली ताई, खोटं कशाला सांगू! तरी त्याला हवा काढायचा स्क्रू दाखवला आणि किती फिरवायचा तेही सांगितलं. परत दोनदा भरावं लागलं.

पुण्याला समीर जातोय. माझी समजूत घालू नकोस, थोडे दिवस जळू दे मला. त्याची बॅग मीच आणीन, पण आत्ता नाही.

भाऊजींना नमस्कार. आम्हा दोघांवर सारखी माया ठेव. त्याच्यावर चिमूटभर जास्त झाली तरी मला कळवू नकोस.

तुझा,
हर्षल

ता. क. कव्हरचे कापून जे उरलं त्यातून पाठवतोय. त्याचे किती, माझे किती विचारू नकोस. दोघांचे मिळून सात हजार दोनशे रुपये.