नव्व्याण्णव ताप

प्रिय दीपमाला,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, मधेच रडतेस, म्हणून हे पत्र. डायलिसिसच्या खाटेवर पडल्यापडल्या लिहिते आहे. सुया डाव्या हाताला, उजवा मोकळा आहे.

इकडे आपल्या धाड गावी सगळं ठीक. तुझ्या बाबांनी यंदा वांगी लावलीत आणि ते भाकरी करायला शिकलेत. जिला भोक पडतं ती गुपचूप स्वतः खातात.

माझ्या शेजारच्या खाटेवरचे मोतीरामभाऊ गेले, हे तुला कळलंच आहे. पायात काटा रुतला, जखम चिघळली. पण ताप फारसा चढला नाही म्हणून त्यांनी दुखणं अंगावर काढलं. तेव्हा तूच मला समजावलं होतंस की किडन्या गेल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला पुरेशा भरतात, पण त्यांचा जोर गेलेला असतो. जंतू शिरले तरी त्या नीट लढत नाहीत आणि कधी कधी तापही भडकत नाही. तू एमएस्सीचं पुस्तक मांडीवर घेऊन सांगत होतीस, मी मेथी निवडत होते. तुला वाटलं, आईचं लक्ष नाही.

आता एक लपवलेलं सांगते. पोळ्याच्या सुमारास मी अकरा दिवस मेहकरला मावशीकडे होते ना, ते खोटं. मी बुलढाण्याला दवाखान्यात भरती होते. तेव्हा हातात सुया लावायची सोय झाली नव्हती, डायलिसिससाठी माझ्या मानेच्या शिरेत नळी होती. मशीन लागून अर्धा तास झाला आणि अशी थंडी भरली की खाट हलायला लागली. टेक्निशियन म्हणाला, "एसीची थंडी हाय मावशी, चादर घ्या." ताप पाहिला तर नव्व्याण्णव. "एवढ्याले काय ताप म्हन्ता?"

मी म्हटलं, "माह्या अंगात ताप चढवाचाही जोर नाही, बाप्पा. माह्यासाठी हेच लय झालं. डॉक्टरले बोलाव, रक्त तपासाले पाठव."

डॉक्टर उद्या येतील म्हणे. बाबा मला गप्प राहायला खुणावत होते. मशीन सुटलं, पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला, तरी मी खाटेवरून उतरले नाही. सिस्टर जयमाला वैतागली, "मावशी, खाट खाली करा न!" मी म्हटलं, "पह्यले रक्त घ्या, मंग उठीन." शेवटी तिनंच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच रक्त घ्यायला लावलं, औषध सुरू केलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. नळीतून जंतू रक्तात शिरले होते. नळी काढली. एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर बाबांना म्हणाले. मला नाही म्हणाले, पण मी ऐकलं.

आता तोच टेक्निशियन मशीन लावायच्या आधी प्रत्येकाला विचारतो, "थंडी वाजून राह्यली काय?" आणि नवा पेशंट आला की काय जपायचं ते ऐकायला जयमाला त्याला माझ्याकडे पाठवते. काविळीची लसही पहिल्यांदा मला लागू पडली नव्हती. पुन्हा सगळे डोस घेतले, आता पडली. घरात कोंडून घे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी मास्क लावते, हात धुते आणि गर्दी व्हायच्या आत बाजार करून येते.

काल तुझ्या खोलीवरच्या योगिनीचा फोन आला. माझी सेवा करायला म्हणून तू कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवलास म्हणे, सोमवारी देणार आहेस. दीपमाला, तो अर्ज फाड. त्या दिवशी तू उशाशी असतीस तर नुसती रडली असतीस. तू नव्हतीस, तुझं शिकणं होतं, त्यानं मी वाचले. तू तिथंच राहा आणि या पेशी लढत का नाहीत ते शोधून काढ. दिवाळीला ये, चार दिवस राहा. पण बाडबिस्तरा घेऊन कायमची आलीस, तर मी तुला दारातूनच परतीच्या एसटीत बसवीन. एवढा जोर आहे माझ्यात.

तुझीच,
आई